मी कशी टीम लीड आहे, हे बारा जणांना विचारलं तेव्हा

आमच्या टीममधला एकजण ११ फेब्रुवारीला राजीनामा द्यायला माझ्या टेबलाशी आला. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या स्टेटमेंटशी आमच्या हिशेबाचा मेळ घालणं, एकहाती सांभाळायचा. नवी नोकरी, जरा जास्त पगार, घराजवळ, कारणं नेहमीची. मीही नेहमीचंच बोलले. "तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं, मॅडम," म्हणाला, उठला, दाराशी गेला आणि तिथून परत वळला. "एक बोलू का? दोन वर्षांत माझी एकही शीट मी केली तशी पुढे गेली नाही."

"अरे, असं काही नसतं रे," असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याची जानेवारीची शीट उघडली. चाळीस-बेचाळीस सेल पिवळे होते. कुणाच्या फाइलमध्ये मी काही बदललं की तो सेल पिवळा करून ठेवते. का, तर समोरच्याला कळावं काय बदललंय. याला मी मनातल्या मनात पारदर्शकता म्हणायचे.

त्यानंतरचे अकरा महिने 'आपली नेतृत्वशैली ओळखणे व विकसित करणे' या प्रकरणात गेले. (हे नाव एचआरच्या फॉर्मवरचं आहे, माझं नाही.) सुरुवातीला मी याबद्दल बरंच वाचलं, पण प्रत्यक्षात काय काय होतं, फॉर्म कुठे अडकतात, रिपोर्ट हातात पडल्यावर पोटात कसा गोळा येतो, हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून हे लिहितेय.

थोडी पार्श्वभूमी. मी अकाउंट्समध्ये आहे. हिशेब चांगला येतो म्हणून दोन वर्षांपूर्वी मला नऊ जणांच्या टीमची लीड केलं. पत्र शुक्रवारी मिळालं, सोमवारपासून लीड. मधल्या शनिवार-रविवारी माणसं सांभाळायची कला आत्मसात होईल असा कंपनीचा अंदाज असावा.

मार्च: फुकटच्या चाचण्या

पहिल्यांदा मी तेच केलं जे सगळे करतात. रात्री मोबाइलवर चाचण्या दिल्या. एका चाचणीने मला 'लोकशाही' नेता ठरवलं, दुसरीने 'दूरदर्शी', तिसरीने 'सेवाभावी'. तिन्ही निकाल वाचून बरं वाटलं, आणि मला वाटतं तिथेच शंका यायला हवी होती. सोळा व्यक्तिमत्त्वांपैकी तुम्ही कोण, हे सांगणारी चाचणी मी दोनदा दिली, तीन आठवड्यांच्या अंतराने. तिचा निकाल चार अक्षरांत येतो, आणि दोन्ही वेळी वेगळी अक्षरं आली. पहिल्या वेळी रविवार होता, दुसऱ्या वेळी महिनाअखेरीचं क्लोजिंग, म्हणजे महिन्याचा हिशेब बंद करायची गडबड.

"तुम्ही टीमचं मत विचारात घेता का?" या प्रश्नाला मी दरवेळी 'नेहमी' असं उत्तर दिलं होतं. खोटं नव्हतं ते. मी विचारतेच. विचारल्यावर काय करते, हा प्रश्न चाचणीत नव्हता. या चाचण्या देऊ नका असं मी म्हणत नाही, पण त्यातून कळतं ते आपल्याला आपण कसे दिसतो एवढंच.

त्याच महिन्यात वाचलेली एक गोष्ट मात्र डोक्यात घर करून बसली. १९३९ साली कुर्ट लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांवर केलेला प्रयोग. मुलांना मुखवटे वगैरे बनवायला दिले होते. काही गटांत मोठा माणूस हुकूम सोडायचा, काहींत मुलांशी बोलून ठरवायचा, आणि नंतर एक तिसरा प्रकारही आला, ज्यात तो नुसता बाजूला असायचा. या तीन शैली तेव्हापासून प्रत्येक ट्रेनिंगच्या पहिल्या स्लाइडवर असतात. पण मला अडकवलं ते वेगळ्याच निरीक्षणाने. हुकमी गटातला मोठा माणूस खोलीबाहेर गेला की मुलांचं काम ढेपाळायचं. जिथे बोलून ठरलेलं असायचं, तिथे तो गेल्यावरही काम बऱ्यापैकी चालू राहायचं.

मी कधी आवाज चढवत नाही, हुकूम तर नाहीच नाही. तेव्हा हे आपल्याला लागू नाही, असं ठरवून मी मोकळी झाले. मग मेमध्ये ताप आला आणि चार दिवस अंथरुणात गेले. परत आले तर फोल्डरमध्ये सतरा फाइल तयार पडलेल्या. पूर्ण, बरोबर, आणि जागच्या जागी. कुणीच पुढे पाठवल्या नव्हत्या. "तुम्ही एकदा बघाल म्हणून ठेवल्यात," असं देणी बघणारे आमचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले. ते माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी सीनियर आहेत.

४ एप्रिल ते १९ मे: एक सही

तापाच्या आधीच मी एचआरला विचारून ठेवलं होतं. आमच्याकडे ३६० अंशांचा फीडबॅक (मॅनेजर, बरोबरीचे आणि टीम, सगळ्यांकडून आपल्याबद्दल मत घेणं) आणि त्यानंतर कोचबरोबर सहा सत्रं अशी सोय होती, पण ती 'निवडक' लोकांसाठी. निवडक म्हणजे जो अर्ज करेल तो, हे मला नंतर कळलं. कुणी अर्जच करत नव्हतं.

४ एप्रिलला अर्ज दिला. त्यात 'या कार्यक्रमातून अपेक्षित व्यावसायिक फायदा' असा रकाना होता. मी लिहिलं, 'टीममधली गळती कमी करणे'. तो अर्ज माझ्या मॅनेजरकडून त्यांच्या मॅनेजरकडे, तिथून प्रशिक्षण निधी बघणाऱ्या विभागाकडे आणि तिथून 'कॉस्ट सेंटर लिहिलेलं नाही' (म्हणजे खर्च कुठल्या विभागाच्या नावावर टाकायचा ते) म्हणून परत माझ्याकडे आला. कॉस्ट सेंटर! अकाउंट्सवालीच्या अर्जात! मंजुरी आली १९ मेला, म्हणजे साडेसहा आठवड्यांनी. तुम्ही अर्ज करणार असाल तर दर सोमवारी फक्त एका माणसाला विचारा की फाइल आता कुणाकडे आहे. 'काय झालं?' विचारलं की 'बघतो' हेच उत्तर मिळतं. 'कुणाकडे आहे?' विचारलं की एक नाव मिळतं.

खर्च कंपनीचा होता, पण तो आमच्याच विभागाच्या प्रशिक्षण निधीतून गेला. त्यामुळे टीममधल्या एकीचा कोर्स पुढच्या वर्षावर ढकलला. हे मला मंजुरीनंतर समजलं. तिला जाऊन सांगितलं. "चालेल मॅडम," म्हणाली, पण चेहरा पडलाच होता.

जून: नावं द्या

९ जूनला फीडबॅकच्या फॉर्मची लिंक आली. मॅनेजर एक, बरोबरीचे चार, टीममधले सात. टीम तोवर आठ जणांची उरली होती, पण माझ्याबरोबर सहा महिने काम केलेलं असलं पाहिजे या नियमात एक नवा मुलगा बसत नव्हता. असे बारा, आणि तेरावी मी. प्रश्न अठ्ठावन्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, शेवटी तीन मोकळे रकाने. साधारण चाळीस मिनिटं लागतात.

नियम नीट वाचा, कारण टीमला धीर तुम्हालाच द्यायचा असतो. मॅनेजरचे गुण वेगळे दिसतात, त्यांचं काही गुप्त राहत नाही. बाकी प्रत्येक गटातून किमान तीन जणांनी भरलं तरच त्या गटाचे आकडे वेगळे दाखवतात. मोकळ्या रकान्यातली वाक्यं मात्र जशीच्या तशी छापतात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. हे शेवटचं मी टीमला सांगितलं नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हतं. सांगायला हवं होतं.

बरोबरीच्यांची नावं देताना मी पहिल्यांदा माझ्याबरोबर जेवायला बसणारे चौघे लिहिले. मग दोन खोडले आणि ज्यांच्याशी माझी ई-मेलवर खडाजंगी होते असे दोन घातले. या सगळ्या खटाटोपात मी आपण होऊन केलेलं हे एक शहाणपणाचं काम.

मुदत २७ जूनची होती. तोवर बरोबरीच्या चौघांपैकी दोघांनीच भरलं होतं, म्हणून चार दिवस वाढवून मिळाले. मी प्रत्येकाला स्वतः फोन केला. आता वाटतं, एचआरला करायला लावायला हवा होता. जिच्याबद्दल लिहायचंय तीच 'लिहिलंस का?' म्हणून मागे लागली, तर माणूस मोकळेपणाने काय लिहिणार?

१४ जुलै: रिपोर्ट

रिपोर्ट ई-मेलने देत नाहीत. कोच समोर बसून देतात. मला हे नाटक वाटलं होतं. पान नऊ येईपर्यंत वाटत होतं.

पान नऊवर 'इतरांना निर्णय घेऊ देते' या ओळीपुढे चार आकडे होते. मी स्वतःला दिलेले ४.५. मॅनेजरने दिलेले ४.४. बरोबरीच्यांचे ३.४. टीमचे २.१.

कोच काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक चौकोन काढून त्याचे चार भाग केले. ही 'जोहरी खिडकी'. मला वाटलं कुणी जोहरी आडनावाचे गृहस्थ असतील. तर ते १९५५ मधले दोन मानसशास्त्रज्ञ, जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम. जो आणि हॅरी मिळून जोहरी. आपल्याला आणि इतरांना दोघांनाही माहीत असलेलं, फक्त आपल्याला माहीत असलेलं, कुणालाच माहीत नसलेलं, आणि चौथा भाग, सगळ्यांना दिसतं पण आपल्याला नाही. कोचने त्या चौथ्या चौकोनात २.१ लिहिलं.

मग मोकळे रकाने. एक वाक्य असं होतं: 'मॅडम चूक आहे असं कधीच म्हणत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी शीट बदललेली आस्ते.' आणखी एक: 'आम्ही एकमेकांना विचारतो, तुझी पिवळी झाली का?'

तुझी पिवळी झाली का. म्हणजे टीममध्ये त्यासाठी शब्द होता. माझ्या नकळत माझ्या सवयीला नाव पडलेलं होतं, आणि ते बहुधा रोज वापरात होतं.

पुढचे दोन दिवस मी जे केलं ते तुम्ही करू नका. 'आस्ते' असं कोण लिहितं हे मी जुन्या ई-मेलमध्ये शोधलं. सापडलंही. सापडल्यावर त्या माणसाशी एक आठवडा नीट बोलता येईना. त्याला कारण कळेना आणि मला सांगता येईना. रिपोर्टमधलं वाक्य कुणाचं आहे हे कळून काहीही साधत नाही.

राग आलाच. 'मी रात्री अकरापर्यंत बसून यांच्या चुका सुधारते, आणि हे...' हे वाक्य मनात इतक्या वेळा घोळलं की शेवटी मलाच त्यातला 'मी' ऐकू यायला लागला.

पुढच्या भेटीत कोचने सहा शैलींचा एक तक्ता दाखवला, डॅनियल गोलमन यांनी २००० साली मांडलेला. हुकूम सोडणारा, दिशा दाखवणारा, माणसं जोडणारा, विचारून चालणारा, माणूस घडवणारा, आणि एक स्वतःच पुढे धावून वेग ठरवणारा. हा शेवटचा स्वतः उत्तम काम करतो, दुसऱ्याकडूनही तसंच हवं असतं, आणि तसं झालं नाही की काम स्वतःकडे ओढून घेतो. त्या मांडणीनुसार टीमच्या वातावरणाला सर्वांत मारक दोन शैली म्हणजे हुकूम सोडणारी आणि ही. मी स्वतःला विचारून चालणारी समजत होते. विचारून झाल्यावर मी एकटीच धावत होते.

जुलै ते नोव्हेंबर: सहा सत्रं

सत्रं दर तीन आठवड्यांनी, दीड तासाची. २८ जुलैला पहिलं, १० नोव्हेंबरला शेवटचं. त्याआधी मॅनेजर, कोच आणि मी अशी एक तिघांची बैठक झाली. तिथे एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या: सत्रात बोललेलं कोणाकडे जातं? आमच्याकडे मॅनेजरला फक्त हजेरी आणि ठरलेली उद्दिष्टं कळणार होती. हे लेखी घेतलं म्हणून मी पुढे बोलू शकले.

उद्दिष्टांच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं, 'प्रभावी व सर्वसमावेशक नेतृत्वशैली विकसित करणे'. कोचने विचारलं, "हे कॅमेऱ्यात दिसेल का?" दिसणार नव्हतं. तीनदा खोडून शेवटी जे उरलं ते असं: 'दुसऱ्याच्या शीटमध्ये मी स्वतः बदल करणार नाही. प्रश्न लिहीन.' इतकंच. आधी मला ते हास्यास्पद वाटलं. यासाठी साडेसहा आठवडे सही अडकली होती?

पहिले दोन आठवडे फक्त मोजायचं होतं, सुधारायचं काही नाही. वहीत तीन रकाने: कोणाची फाइल, मी काय केलं, करायच्या आधी काय वाटलं. दोन आठवड्यांत त्रेचाळीस फाइल आल्या. एकतीस वेळा मी स्वतः बदल केला. त्यातल्या नऊ वेळा चूक होती. उरलेल्या बावीस वेळा चूक नव्हतीच. रकान्यांची रुंदी, तारखेची पद्धत, एखादं सूत्र मी वेगळं लिहिलं असतं म्हणून. तिसऱ्या रकान्यात 'करायच्या आधी काय वाटलं' यापुढे सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं होतं, 'पटकन होईल'. तुम्हाला कोच मिळो न मिळो, ही वही कुणालाही ठेवता येते. मला ज्या काही गोष्टी कळल्या त्यातल्या निम्म्या तिच्यातून कळल्या.

दुसऱ्या सत्रात कोचने रिपोर्टची मागची पानं उघडली. तीन वेगवेगळ्या लोकांनी जवळजवळ एकच गोष्ट लिहिली होती: गडबड झाली की मॅडमचा आवाज चढत नाही, त्यामुळे चूक सांगायला भीती वाटत नाही. ही वाक्यं मी वाचली होती की नाही तेच आठवेना. कोचने ती मला मोठ्याने वाचायला लावली. फार अवघड गेलं. २.१ वाचताना इतकं अवघडले नव्हते.

ते का महत्त्वाचं, यासाठी एक किस्सा सांगायला हवा. राजीनाम्यानंतर घाबरून, फेब्रुवारीच्या शेवटी, मी टीमला प्रेरणा द्यायची असं ठरवलं होतं. आमचे मॅनेजर उभे राहून बोलले की हॉल भारावतो. मीही उभी राहिले. हात हलवले. 'आपण सगळे एक आहोत' या चालीचं काहीतरी सात मिनिटं बोलले. झाल्यावर शांतता. मग एकाने काळजीने पाण्याची बाटली पुढे केली. "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" तो अंगरखा माझ्या मापाचा नव्हताच. माझ्याकडे जे होतं ते शांत आवाजात एकाशी एक बोलणं, आणि ते मी वापरतच नव्हते, कारण तेवढ्या वेळात सेल पिवळा करून होतो.

ऑगस्ट आणि सप्टेंबर: आधी उशीर, मग दुसरं टोक

नव्या नियमाने पहिलं क्लोजिंग ऑगस्टअखेर झालं. दीड दिवस उशिरा. प्रश्न लिहायचा, उत्तराची वाट बघायची, परत बघायचं, वेळ लागतोच. मॅनेजरने विचारलं, "हे कोचिंगमुळे का?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण पुढच्या महिन्यात चालणार नाही हेही सांगितलं. शैली बदलायची किंमत कुणीतरी मोजतं. माझ्या बाबतीत ती आधी मॅनेजरने मोजली, म्हणून तिघांची ती बैठक आधी झालेली असणं फार उपयोगाला आलं.

सप्टेंबरमध्ये मी दुसऱ्या टोकाला गेले. हात लावायचा नाही म्हणजे नाही. जुलैत राजीनाम्याच्या जागी एक मुलगी आली होती, कॉलेजातून थेट. ती काही विचारायला आली की मी म्हणायचे, "तुला काय वाटतं?" कोचकडून शिकलेलं. तीन आठवडे हे चाललं. एका संध्याकाळी ती बॅग खांद्याला लावून माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"नाही गं. का?"

"तुम्ही मला काहीच सांगत नाही. मी विचारते तर मलाच विचारता. मला काहीच वाटत नाही हो, मला येतच नाही ते."

त्या रात्री मी पुन्हा वाचत बसले. १९६९ मध्ये हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी मांडलं की समोरच्याची तयारी बघून शैली बदलायची. नवख्याला स्पष्ट सांगायचं, मग समजावून सांगायचं, पुढे बरोबरीने ठरवायचं, आणि पक्क्या माणसावर सोपवून द्यायचं. संशोधनाच्या कसोटीवर ही मांडणी फार भक्कम ठरलेली नाही, तेव्हा तिला मी नियम मानत नाही. पण एक प्रश्न म्हणून ती मला फार कामाला आली. मी इतके दिवस 'माझी शैली कोणती' हे विचारत होते. सगळ्यांना एकच औषध, आधी पिवळं आणि आता 'तुला काय वाटतं'.

मग प्रत्येकाशी वीस-वीस मिनिटं बसले. माणसानुसार नाही, कामानुसार विचारलं: या कामात मी सांगू, की विचारू, की सोडून देऊ? उत्तरं मजेशीर होती. देणी बघणारे ज्येष्ठ म्हणाले, "मला फक्त तारीख सांगत जा, बाकी काही नको." पण तेच नव्या सॉफ्टवेअरबद्दल म्हणाले की शेजारी बसून दाखवा, आणि हे बाकीच्यांना सांगू नका. नव्या मुलीला प्रोव्हिजनच्या (बिल यायच्या आधीच खर्चासाठी करून ठेवायच्या तरतुदीच्या) एन्ट्रीसाठी पायरी-पायरीने लिहून हवं होतं, पण येणी असलेल्यांना फोन करणं तिला एकटीला करायचं होतं. आणि 'आस्ते' लिहिणारा म्हणाला, "मॅडम, तुम्ही बदल करा हवं तर. फक्त आधी एकदा सांगा." मी हो म्हटलं आणि त्याच्याकडे न बघता वहीत लिहून घेतलं.

सप्टेंबरअखेरचं क्लोजिंग अर्धा दिवस उशिरा झालं. ऑक्टोबरचं वेळेवर. पुढची सत्रं फारशी सांगण्यासारखी नाहीत, मी वही घेऊन जायचे, कोच एखादी ओळ दाखवून विचारायच्या, "इथे काय झालं?", आणि दीड तास त्यातच जायचा. एका सत्रात मी झोप झालेली नसल्यामुळे जवळपास गप्पच होते. तेही चालतं.

डिसेंबर: पुन्हा आकडे

१ ते १२ डिसेंबर छोटी फेरी झाली, दहाच प्रश्न. निकाल २२ तारखेला. 'इतरांना निर्णय घेऊ देते' टीमकडून २.१ चे ३.३ झाले. मी स्वतःला या वेळी ३ दिले होते. 'वेळेवर निर्णय देते' मात्र ४.२ वरून ३.६ वर आलं. कोच म्हणाल्या होत्या की असं होऊ शकतं. तरी लागलं. मोकळ्या रकान्यात एकाने लिहिलं होतं, 'कधीकधी सरळ सांगितलेलं बरं असतं, कोड्यात बोलू नये.' या वेळी कोणी लिहिलंय ते शोधलं नाही. अगदी खरं सांगायचं तर शोधायला सुरुवात केली होती, दोन ई-मेलनंतर थांबले.

ज्या सहकारीचा कोर्स पुढे ढकलला होता, तिचा अर्ज मी जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात दिला. कॉस्ट सेंटर लिहून.

जानेवारी

वर्षअखेरीच्या क्लोजिंगच्या रात्री साडेदहा वाजले होते. टीम गेली होती. नव्या मुलीची प्रोव्हिजनची शीट समोर होती, आणि 'डी ४७' मधला आकडा मला खटकला. मागच्या वर्षीच्या मानाने फार कमी. प्रश्न लिहिला असता तर उत्तर सकाळी मिळालं असतं, आणि शीट सकाळी आठला पुढे जायची होती. मी तिला फोन करू शकले असते. केला नाही. आकडा बदलला आणि, निदान तेवढं तरी, सेल पिवळा केला.

सकाळी पावणेआठला ती माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, डी ४७ तुम्ही बदललंत?"

"हो. कमी वाटला."

"त्यातलं एक कंत्राट नोव्हेंबरमध्ये संपलं ना. मी खाली टीप टाकलीये."

टीप होती. बावन्नाव्या ओळीत. मी खाली स्क्रोल केलंच नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"मी परत केलाय. पांढरा पण केलाय," ती म्हणाली. "पाठवू ना?"